लंडनमध्ये दोघांचा एक दिवस: पुण्यातून निघण्याआधी आणि तिथे पोहोचल्यावर काय, कोणत्या क्रमाने करायचं

लंडनला निघालेल्या जोडप्यांच्या याद्या बहुतेक सारख्याच असतात. बिग बेन, टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस, लंडन आय, ब्रिटिश म्युझियम, ऑक्सफर्ड स्ट्रीट, आणि हे सगळं एकाच दिवसात. ठिकाणं चुकत नाहीत, क्रम चुकतो. सकाळी सिंहगड, दुपारी शनिवारवाडा, मग परत खडकवासला आणि संध्याकाळी सारसबाग असा दिवस पुण्यात कोणी आखणार नाही. परदेशात मात्र नेमकं हेच होतं, कारण तिथली अंतरं डोळ्यांसमोर नसतात. संध्याकाळी पाचपर्यंत दोघांचे पाय बोलायला लागतात, पोटात धड काही नसतं, आणि वैताग निघतो तो एकमेकांवर.

म्हणून दिवसात फक्त दोनच ठिकाणं पक्की करायची, एक तुमचं आणि एक जोडीदाराचं. बाकी जे काही पाहायचं ते या दोहोंच्या वाटेवरचं. खालचे टप्पे याच क्रमाने करा. सगळ्यात जास्त गोंधळ पहिला टप्पा सोडून थेट तिकिटं काढल्यामुळे होतो.

टप्पा १: आधी वार, मग ठिकाणं

लंडनमधली बरीच ठिकाणं वारावर चालतात. वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल रविवारी फक्त प्रार्थनेसाठी खुली असतात, पर्यटक म्हणून आत फिरता येत नाही. बरो मार्केट हा खाण्यापिण्याचा बाजार सोमवारी बंद. बकिंगहॅम पॅलेससमोरची पहारा बदलण्याची कवायत रोज होत नाही. ती साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी ११ वाजता होते आणि पावसात रद्दही होते. टॉवर ऑफ लंडन हा किल्ला सहसा मंगळवार ते शनिवार सकाळी ९ ला उघडतो, रविवारी-सोमवारी १० ला.

एकच दिवस निवडायचा असेल तर माझं मत शुक्रवार. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री ८.३० पर्यंत आणि नॅशनल गॅलरी ९ पर्यंत खुली असते. दोन्हींना प्रवेश फुकट. त्यामुळे उघड्यावरचं सगळं दिवसा उरकून संध्याकाळी छपराखाली जाता येतं. हिवाळ्यात याचा फार उपयोग होतो, कारण डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. जूनमध्ये उलट रात्री नऊनंतरही उजेड असतो.

आता शरीराच्या घड्याळाचं. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे आहे. तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्या शरीराचे साडेअकरा किंवा साडेबारा झालेले असतात. म्हणून पोहोचल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन संध्याकाळी नाटकाची महागडी तिकिटं काढू नका, खुर्चीतच डोळा लागतो. उलट पहाटे चारला टक्क जाग येते, आणि सकाळी लवकर निघायला ती चांगलीच उपयोगी पडते.

*तपासा:* ठरवलेल्या दिवशी तिथे बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) किंवा ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, संप नाही ना? प्रत्येक ठिकाणाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याच तारखेची वेळ पाहिली का?

टप्पा २: एक तुझं, एक माझं

दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न विचारता, एकेकच ठिकाण लिहायचं. "तुला आवडेल ते" हे उत्तर चालणार नाही. सगळं एकावर सोपवलं की दुसरा दिवसभर मागे-मागे चालतो आणि दमला तरी बोलत नाही. निवृत्त जोडप्यांत हे फार दिसतं. मुलीने-जावयाने आखून दिलेला दिवस आई-बाबा मुकाट्याने पार पाडतात, आणि आईला खरं तर बागेत तासभर बसायचं होतं हे पुण्याला परतल्यावर कळतं.

दोन्ही ठिकाणं सकाळचीच निघाली, समजा टॉवर ऑफ लंडन आणि पहारा बदल, तर त्यातलं एक दुसऱ्या दिवशी ढकला. कवायत नीट दिसायची तर दहा-सव्वादहापासून उभं राहावं लागतं. ती संपेपर्यंत बारा वाजतात आणि टॉवरची सकाळ हातची जाते. या दोन गोष्टी एका दिवसात बसत नाहीत, कोणी काहीही सांगो.

पुढच्या टप्प्यांसाठी मी उदाहरण घेते ते असं: एकाचा टॉवर ऑफ लंडन, दुसऱ्याचं ब्रिटिश म्युझियम, वार शुक्रवार.

टप्पा ३: नकाशावर एका दिशेने जाणारी वाट

दोन ठिकाणं नकाशावर खुणा करून ठेवा आणि मधल्या वाटेवर काय लागतं ते पाहा. आपल्या उदाहरणात पूर्वेकडून पश्चिमेकडे अशी वाट तयार होते: टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज चालत ओलांडणं, नदीच्या दक्षिण काठाने बरो मार्केट, टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय, मिलेनियम ब्रिज, सेंट पॉल्स, आणि तिथून ट्यूबने ब्रिटिश म्युझियम. एकदाही मागे फिरावं लागत नाही.

या वाटेवर बिग बेन नाही, हे बघूनच अनेकांचा जीव खालीवर होतो. बिग बेन, ॲबे, सेंट जेम्सेस पार्क आणि पॅलेस ही सगळी वेस्टमिन्स्टर भागात एकमेकांना लागून आहेत, त्यांना वेगळी सकाळ द्या. लंडनमध्ये एकच दिवस हातात असेल तर म्युझियम सोडा. सेंट पॉल्सहून १५ नंबरची बस पकडून ट्रफाल्गर स्क्वेअरला उतरा आणि व्हाइटहॉल या रस्त्याने चालत खाली या. पंधरा-वीस मिनिटांत बिग बेनसमोर पोहोचाल.

*सावध:* नकाशात "लंडन ब्रिज" टाकू नका. मनोरे असलेला, फोटोत दिसणारा पूल म्हणजे टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज हा त्याच्या पश्चिमेचा साधा सपाट पूल आहे.

आपल्या जिव्हाळ्याची ठिकाणं मध्येच घुसवण्याचा मोह होतो. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं आणि तिथे स्मारक केलं. अवश्य जा, पण ते शहराच्या उत्तरेला आहे, जवळचं स्टेशन चॉक फार्म. त्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्या, शेजारच्या प्रिमरोज हिलवर बसायलाही छान जागा आहे. दुसरी गोष्ट वाघनखांची. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ती पाहायची म्हणून निघणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणली गेली आणि प्रथम साताऱ्यात मांडली गेली. ज्या वस्तूसाठी जाताय ती सध्या तिथे आहे का, हे आधी पाहा.

टप्पा ४: पुण्यातच उरकायची कामं

कार्ड. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या बँकांची कार्डं बहुतेक वेळा फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन "आंतरराष्ट्रीय" आणि "काँटॅक्टलेस" ही दोन्ही बटणं स्वतः चालू करावी लागतात. दोन्ही म्हणजे दोन्ही. एक चालू, एक बंद असलं तर ट्यूबच्या गेटवर लाल दिवा लागतो आणि मागे रांग खोळंबते.

लंडनच्या ट्यूबला आणि बसला वेगळं तिकीट काढायची गरज नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं काँटॅक्टलेस कार्ड पिवळ्या गोल यंत्राला टेकवायचं. पण दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. नवऱ्याच्या पाकिटात सगळी कार्डं आणि बायकोच्या पर्समध्ये फक्त नोटा, ही आपली घरोघरची पद्धत तिथे पहिल्याच गेटवर अडते. बसमध्ये तर २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. पौंडाचं फॉरेक्स कार्ड असेल तर ते दोन प्रतींत घ्या, किंवा एकाने फॉरेक्स आणि दुसऱ्याने क्रेडिट कार्ड वापरा. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास जादा शुल्क लागतं, तेही बँकेला विचारून घ्या. जीपे-फोनपेच्या भरवशावर मात्र जाऊ नका.

सिम. तिकडचं सिम किंवा ई-सिम घ्याच, पण भारतीय नंबरचं रोमिंग पुण्यातून चालू करून निघा. ओटीपी याच नंबरवर येतो. लंडनचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी वाट सापडेल.

बूट. दिवसभरात बारा-पंधरा किलोमीटर चालणं सहज होतं, आणि तेही दगडी फरशीवर. नवे बूट घालून विमानात बसू नका. आधी महिनाभर ते वापरा. एका रविवारी स्वारगेटहून लक्ष्मी रोडने डेक्कन, तिथून फर्ग्युसन रस्त्याने शिवाजीनगर आणि परत असं दोघांनी मिळून चाला. कोणाचा गुडघा कुठे बोलतो, कोणाला किती वेळाने बसावं लागतं हे इथेच कळलेलं बरं. दर दीड तासाला बसावं लागत असेल तर आखणीत दर दीड तासाला बाक हवा.

खाणं. ब्रिटनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, पनीर इथेच ठेवायचं. बाकरवडी, खाकरे, राजगिऱ्याच्या वड्या न्या. रोज पिशवीत दोघांपुरतं थोडं ठेवा, जेवण म्हणून नव्हे तर भूक आणि चिडचिड यांच्यात आडवं घालायला.

*तपासा:* दोघांच्या दोन कार्डांवर आंतरराष्ट्रीय आणि काँटॅक्टलेस चालू आहे? दोघांच्या खिशात थोडे पौंड आणि हॉटेलचा पत्ता कागदावर आहे? तीन टोकांचा ब्रिटिश प्लग घेतला?

टप्पा ५: तिकिटं

वार आणि वाट ठरल्यावरच. टॉवर ऑफ लंडनचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून काढा. गूगलवर सगळ्यात वर दिसणारी संकेतस्थळं पुष्कळदा दलालांची असतात. ब्रिटिश म्युझियम फुकट असलं तरी वेळेचं तिकीट घेतलेलं सोयीचं, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराचं घ्या. शुक्रवारी उशिरापर्यंत कोणती दालनं उघडी राहणार तेही पाहून ठेवा.

उंचावरून शहर पाहायचं असेल तर स्काय गार्डनचा विचार करा. प्रवेश फुकट, तिकिटं साधारण तीन आठवडे आधी खुली होतात आणि लगेच संपतात. ते टॉवरपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, म्हणून आपल्या वाटेवर बसतं. नाही मिळालं तर सोडून द्या, त्यासाठी दिवस वाकवू नका.

टप्पा ६: प्रत्यक्ष दिवस

*सकाळी ८ ते १२.* हॉटेलात पोटभर न्याहारी करूनच निघा. आधी पोटोबा, मग विठोबा हे तिथे शब्दशः पाळा, कारण टॉवरच्या आत शिरल्यावर तीन तास बाहेर यायचं मनात येत नाही. ट्यूबने टॉवर हिल स्टेशन. कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टेकवायचं. बाहेर पडताना विसरलात तर कमाल भाडं कापलं जातं. आणि सकाळी जे कार्ड वापरलं तेच दिवसभर. तेच कार्ड फोनमध्ये घातलेलं असलं तरी फोन आणि प्लास्टिकचं कार्ड यंत्राला वेगळे वाटतात. अदलाबदल केली तर दिवसाच्या भाड्याच्या कमाल मर्यादेचा फायदा जातो. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा, एकामागे एक. शेजारी-शेजारी हातात हात धरून उभं राहिलं की मागून घाईने येणाऱ्या माणसांची वाट अडते.

दार उघडण्याच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. आत गेल्यावर सगळे डावी-उजवीकडे रेंगाळतात. तुम्ही सरळ ज्युएल हाउसकडे जा. कोहिनूर तिथेच, राणी एलिझाबेथ यांच्या आईच्या मुकुटात जडवलेला आहे. मुकुटांच्या कपाटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहून पुढे जायचं. सकाळी गर्दी नसताना एक फेरी झाली की मागे जाऊन पुन्हा पट्ट्यावर चढता येतं आणि दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. अकरानंतर हाच भाग रांगेत तासभर खातो. आत फोटो काढायला मनाई आहे, फोन खिशातच ठेवा. त्यानंतर व्हाइट टॉवर, तटावरची वाट आणि डोमकावळे निवांत पाहा. पहारेकऱ्यांबरोबरची फेरी तिकिटातच धरलेली असते.

*१२ ते २.३०.* टॉवर ब्रिज चालत ओलांडा. वरून चालायला पैसे पडत नाहीत. आतल्या काचेच्या मजल्याला तिकीट आहे, आणि माझ्या मते या दिवशी ते वगळावं. पूल ओलांडून उजवीकडे वळलं की नदीकाठाने सरळ वाट आहे आणि पुलाचा सगळ्यात चांगला फोटो इथून मिळतो. अर्ध्या तासात बरो मार्केट. एक ते दोन तिथे लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या रविवारी असते तशी गर्दी असते, म्हणून साडेबाराला पोहोचा.

*सावध:* पाकिटावर "व्हेजिटेरियन" लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. अंडं न खाणाऱ्यांनी "व्हेगन" शोधावं किंवा स्पष्ट विचारावं. उपाहारगृहाच्या बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. यंत्राने रुपयांत द्यायचं की पौंडांत असं विचारलं तर पौंडच निवडा, रुपयांचा दर नेहमी महागात पडतो.

*२.३० ते ४.३०.* टेट मॉडर्नमध्ये कलेसाठी नाही तरी बसण्यासाठी जा. प्रवेश फुकट, बाकं आहेत, स्वच्छतागृहं आहेत. तिथल्या स्वच्छतागृहात शौचानंतर धुवायला पाणी नसतं, रिकामी लहान बाटली जवळ असली की प्रश्न मिटतो. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं असतं. इथे किमान अर्धा तास बसायचंच, "अजून दमलो नाही" असं वाटत असलं तरी. दिवस सांभाळतो तो हा अर्धा तास.

मग समोरचा मिलेनियम ब्रिज. तो पायी चालणाऱ्यांचाच आहे आणि चालताना सेंट पॉल्सचा घुमट बरोबर समोर येतो. सेंट पॉल्स बाहेरून पाहा, आत जायचं तर तासभर जास्त धरा.

*४.३० ते ७.* सेंट पॉल्स स्टेशनहून सेंट्रल लाइन, दुसरं स्टेशन होलबर्न, तिथून सात-आठ मिनिटं चालत ब्रिटिश म्युझियम. इथे "सगळं पाहू" म्हणणं ही ठरलेली चूक. दोघांनी मिळून तीन दालनं निवडा. तळमजल्यावरचा रोझेटा शिलालेख, दक्षिण आशियाचं दालन आणि त्याच्या टोकाला असलेली अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं एवढंच पाहिलं तरी दोन तास सार्थकी लागतात. अमरावतीच्या संगमरवरासारख्या दिसणाऱ्या चुनखडीत कोरलेली गर्दी, हत्ती, वेलींच्या कडा अगदी जवळून पाहा. आपली कार्ले-भाज्याची लेणी पाहिलेल्यांना तिथे ओळखीचं पुष्कळ सापडेल.

खरेदी या दिवसात घालू नका. पिशव्या घेऊन संग्रहालयात फिरणं म्हणजे हाल आहेत. आणि पर्यटकांना दुकानातल्या खरेदीवर व्हॅट परत मिळण्याची सोय २०२१ पासून बंद झाली आहे, त्या हिशोबाने बजेट करू नका.

*सावध:* रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर नकाशा पाहू नका. दुचाकीवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार तिथे होतात. भिंतीला पाठ लावून किंवा दुकानात शिरून पाहा. वेस्टमिन्स्टर ब्रिजवर पेल्याखालची गोळी ओळखण्याचा खेळ चालतो, तिथे थांबूसुद्धा नका. भोवतीचे जिंकणारे त्यांचेच असतात. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, जवळ फक्त प्रत.

टप्पा ७: चुकामूक झाली तर

हे निघण्याआधी बोलून ठेवा, तेव्हा हसू येतं पण वेळेला उपयोगी पडतं. ट्यूबचं दार बंद झालं आणि एक आत, एक फलाटावर राहिला, तर आतल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावरच थांबायचं आणि मागच्याने पुढची गाडी पकडायची. दोघांनी एकाच वेळी शोधायला निघायचं नाही. भुयारात नेटवर्क सगळीकडे मिळत नाही, म्हणून फोनवर विसंबू नका. संग्रहालयात हरवलात तर मुख्य दरवाज्याशी, ठरलेल्या वेळी. तातडीला ९९९.

टप्पा ८: दिवस घसरला तर काय कापायचं

पाऊस, उशीर, पाय, काहीही कारण असो, कापण्याचा क्रम आधीच ठरवा. पहिलं जातं सेंट पॉल्सच्या आतलं दर्शन, मग बरो मार्केट (सँडविच घेऊन बाकावर खा), मग दक्षिण काठाची चाल, तिच्याऐवजी टॉवरजवळून १५ नंबरची बस घेऊन थेट सेंट पॉल्स. बसमध्ये कार्ड फक्त चढताना टेकवायचं आणि तासाभरात बस बदलली तर दुसरं भाडं लागत नाही. दोघांची दोन पक्की ठिकाणं मात्र शेवटपर्यंत कापायची नाहीत. एकाचं झालं आणि दुसऱ्याचं राहिलं असं होत असेल, तर पहिल्याच्या ठिकाणचा वेळ कमी करा.

एकाला पुढे जायचंय आणि दुसऱ्याला खोलीवर परतायचंय, असंही होतं. खुशाल वेगळे व्हा. दोघांकडे कार्ड, फोन आणि पत्ता आहे, तो याचसाठी.

टप्पा ९: दुसऱ्या दिवशी सकाळी

ट्यूब-बसचं भाडं प्रत्येक प्रवासाला वेगळं न कापता दिवसाचं एकत्र, मागाहून खात्यातून जातं. चहा पिताना दोन्ही कार्डांचे मेसेज शेजारी ठेवून पाहा. दोघं बरोबर फिरलात तर रक्कम सारखीच हवी. एकाची जास्त दिसली तर कुठेतरी बाहेर पडताना कार्ड टेकवायचं राहिलं आहे. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर ते कार्ड नोंदवून अपुऱ्या प्रवासाचा परतावा मागता येतो. हे तिथे असतानाच करा, कोणत्या स्टेशनवर किती वाजता उतरलात ते तेव्हा नीट आठवतं.